मिशन शाळेतून कॉलेजकडे: आठवी ते दहावीत करून ठेवायची कामं

कॉलेजची तयारी म्हटलं की घरोघरी अकरावीच्या क्लासची फी आणि लातूरला खोली कुठे मिळेल, एवढ्यावरच बोलणं होतं. ते सगळं दहावीनंतरचं. त्याआधीच्या तीन वर्षांतली दोन कामं मात्र शाळेत असतानाच सोपी असतात, पुढे ती फार यातायात करायला लावतात. एक, शाळेच्या रजिस्टरमधल्या नोंदी सरळ करून घेणं. दुसरं, गणित आणि इंग्रजीचा पाया. मराठवाड्यातल्या मिशन शाळांमध्ये सगळ्याच धर्मांची लेकरं शिकतात, त्यामुळे यातला बराचसा भाग सगळ्यांनाच लागू आहे. जे फक्त ख्रिस्ती कुटुंबांसाठी आहे, ते तिथे तसं सांगितलं आहे.

आठवीतली परीक्षा

आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा असते. पास होऊन गुणवत्ता यादीत आलं तर नववी ते बारावी अशी चार वर्षं, दर वर्षी १२,००० रुपये. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि सातवीत ५५ टक्के हवेत. बौद्धिक क्षमतेचे ९० आणि शालेय विषयांचे ९० असे दोन पेपर. मुलं बौद्धिक क्षमतेत अडकतात, कारण तो विषय वर्गात शिकवलाच जात नाही. जुलैपासून रोज वीस प्रश्न सोडवले तरी पुरेसं होतं.

ही परीक्षा सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच आहे. एकाच मिशनच्या आवारात अनुदानित मराठी शाळा आणि विनाअनुदानित इंग्रजी शाळा शेजारी शेजारी असतात. इंग्रजी विभागातल्या लेकराला ही परीक्षा देता येत नाही. सातवीनंतर माध्यम बदलायचा विचार असेल तर हे ध्यानात घ्या. आणि निवड झाली म्हणजे पैसे आपोआप येतात असं नाही. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरावा लागतो, पुढे दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. यादीत नाव आलेल्या मुलांचे पैसे बुडतात ते बहुतेक इथेच.

रजिस्टरमधली ओळ वाचा

नववीच्या सुरुवातीला मुख्याध्यापकांना अर्ज देऊन जन्मतारीख, धर्म आणि जात असलेलं बोनाफाईड घ्या. ते जनरल रजिस्टरवरून लिहिलेलं असावं. जन्मदाखला आणि आधार शेजारी ठेवून पाच गोष्टी बोट ठेवून वाचा: पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मठिकाण, धर्म व जात.

ख्रिस्ती घरांत नावाचा घोळ एका ठरलेल्या जागी होतो. मराठी बायबलमध्ये शमुवेल आहे, म्हणून पहिलीत गुरुजींनी रजिस्टरला 'शमुवेल' लिहिलं. आधार काढताना ऑपरेटरने इंग्रजीत 'सॅम्युएल' टाकलं. बोर्डाचा फॉर्म रजिस्टरवरून इंग्रजीत भरला गेला, त्यात अक्षराला अक्षर लावून 'शमुवेल'चं स्पेलिंग झालं. आता दहावीच्या गुणपत्रिकेवर एक माणूस आणि आधारवर दुसरा. योहान आणि जॉन, दावीद आणि डेव्हिड, याकोब आणि जेकब, एस्तेर आणि इस्थर, सगळ्यांचं तेच. घरचं नाव एक आणि बाप्तिस्म्याचं दुसरं असेल तर गुंता आणखी वाढतो. पुढे शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर आधार आणि गुणपत्रिकेचं नाव जुळत नाही, आणि अर्ज तिथेच अडकतो.

जन्मदाखल्यावर जे आहे ते मूळ धरा आणि बाकीचं त्याला जुळवा. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, म्हणून आधी स्पेलिंग कागदावर पक्कं करा, मग केंद्रावर जा. रजिस्टरमधली दुरुस्ती मूल शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांच्या प्रस्तावावरून शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या मंजुरीने होते. टीसी हातात पडल्यावर तेच काम फार अवघड होऊन बसतं.

दहावीचा फॉर्म भरल्यानंतर बोर्डाची प्री-लिस्ट, म्हणजे भरलेल्या माहितीची तपासायची यादी, शाळेत येते. त्यावर सही घेतात तेव्हा मुलं घाईत सही करून मोकळी होतात. त्या दिवशी आधारची झेरॉक्स खिशात ठेवा, इंग्रजी स्पेलिंग एकेक अक्षर वाचा, आईचं नाव वाचा, विषय वाचा. चूक असेल तर त्याच कागदावर लाल शाईने दुरुस्त करून क्लार्ककाकांना दाखवा.

धर्म, जात आणि आरक्षण: ख्रिस्ती कुटुंबांनी नीट वाचावं

या बाबतीत चुकीचा सल्ला फार फिरतो, म्हणून सविस्तर लिहितो.

१९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांनाच आहे. ख्रिस्ती झालेल्या कुटुंबाला तो मिळत नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांचा समावेश राज्याच्या इतर मागासवर्गीय यादीत आहे. म्हणजे अशा घरातलं लेकरू ओबीसीचा दाखला काढू शकतं. अनुसूचित जमातीला मात्र धर्माची अट नाही.

काही पालक मुलाच्या रजिस्टरला 'हिंदू' लावून अनुसूचित जातीचा दाखला काढतात आणि दुसरीकडे चर्चचं पत्र लावून अल्पसंख्याक जागेवर हक्क सांगतात. दोन्ही एकदम चालत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, ख्रिस्ती धर्म पाळत असताना केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करणं अमान्य ठरवलं. जात पडताळणीत हे उघडं पडलं तर झालेला प्रवेशही जातो. आपण काय आहोत ते एकदा ठरवा आणि प्रत्येक कागदावर तेच लिहा.

ओबीसीचा दाखला काढायचा तर पुरावा १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा लागतो. आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा त्यासाठी सगळ्यात भक्कम. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे त्या काळचं रजिस्टर किंवा जमिनीचा कागद उर्दूत निघतो. त्याचं भाषांतर करून घ्यायला वेळ जातो. आजोबा मिशन शाळेत शिकले असतील तर तिथलं जुनं रजिस्टर शोधा. चर्चमधल्या बाप्तिस्मा आणि विवाहाच्या नोंदवह्यांत वाडवडिलांची नावं, गाव आणि तारखा सापडतात. वंशावळ जुळवायला त्या फार उपयोगी पडतात. पाळकसाहेबांना किंवा फादरना रविवारी उपासनेनंतर घाईत नको, आठवड्यातल्या दिवशी वेळ घेऊन भेटा.

क्रम असा ठेवा: नववीत पुरावे गोळा करा, दहावीच्या पहिल्या सहामाहीत प्रांत कार्यालयातून जातीचा दाखला काढा, अकरावीत कॉलेजमार्फत पडताळणीचा अर्ज करा. पडताळणीला वंशावळीचं शपथपत्र लागतं, त्यात काका-आत्यांचे कागद जोडले तर प्रकरण मजबूत होतं. नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात नसल्याचा दाखला, त्याची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून प्रवेशाच्या वर्षी तो चालू आहे का ते पाहा.

अल्पसंख्याक म्हणजे नेमकं काय मिळतं

अल्पसंख्याक हा आरक्षणाचा प्रवर्ग नाही. ज्या समाजाने संस्था काढली त्याच समाजाच्या मुलांसाठी त्या संस्थेत ठरावीक जागा असतात. मुस्लिम अल्पसंख्याक कॉलेजात ख्रिस्ती मुलाला अल्पसंख्याक कोटा नाही, आणि उलटंही तसंच. मराठवाड्यात मुस्लिम अल्पसंख्याक कॉलेजं बरीच, ख्रिस्ती थोडी. त्यामुळे फॉर्ममध्ये 'अल्पसंख्याक' वर खूण केली की कुठेही जागा मिळेल, या समजुतीत राहू नका.

खरा फायदा होतो तो बारावीनंतर बाहेर पडताना. नगरचं अहमदनगर कॉलेज, नागपूरचं हिस्लॉप, मुंबईतलं विल्सन आणि सेंट झेवियर्स, दिल्लीचं सेंट स्टीफन्स ही ख्रिस्ती संस्थांची जुनी कॉलेजं. सेंट स्टीफन्सला सीयूईटी ही केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि ख्रिस्ती उमेदवारांची मुलाखतही होते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजला नीट ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा लागतेच, शिवाय काही जागा चर्चसंस्थांच्या पुरस्कृत उमेदवारांसाठी असतात. त्या पुरस्काराची प्रक्रिया प्रत्येक मंडळीची आपापली असते आणि त्यात मंडळीतली तुमची सभासद नोंद, संडे स्कूल किंवा तरुण संघातलं काम पाहिलं जातं. नीटचा निकाल लागल्यावर पाळकांकडे पत्र मागायला गेलं तर उशीर झालेला असतो. अकरावीतच विचारून ठेवा.

पदवी आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची राज्य शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. तिला कॉलेज ख्रिस्ती संस्थेचंच असावं अशी अट नाही.

कागद दसऱ्याच्या आत

बीड, जालना, परभणीकडची बरीच कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. मूल वसतिगृहात किंवा आजीकडे. नेमका बोर्डाचा फॉर्म, शिष्यवृत्तीचं नूतनीकरण आणि दाखल्यांचा काळ तोच. सेतू केंद्रावर ओटीपी वडिलांच्या मोबाईलवर जातो आणि वडील कारखान्याच्या फडात असतात. टोळी निघण्याआधी उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि जातीचा दाखला यांचे अर्ज भरून टाका. आधारला जोडलेलं सिम घरी राहणाऱ्या आजी-आजोबांच्या फोनमध्ये ठेवता आलं तर उत्तम. मुलाच्या नावाचं बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, तेही त्याच वेळी पाहा. लहानपणी काढलेलं आधार असेल तर पंधरा वर्षांनंतर बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात, तोवर खातं जोडताना अडचण येते.

अभ्यास: गणित आधी

दहावीचं गणित १०० गुणांचं: बीजगणित ४०, भूमिती ४०, अंतर्गत २०. अंतर्गतचे वीस सहसा हाती येतात, त्यामुळे ८५ मिळालेल्या मुलालाही बीजगणित कच्चं आहे हे कळत नाही. ते अकरावीत कळतं, त्रिकोणमितीच्या दुसऱ्या आठवड्यात.

पुढे कुठल्या वेगाने गणित करावं लागतं ते पाहा. एमएचटी-सीईटीत, म्हणजे अभियांत्रिकीसाठीच्या राज्याच्या प्रवेश परीक्षेत, गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नाला १ मिनिट ४८ सेकंद. भौतिक आणि रसायन मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. नीटमध्ये १८० प्रश्न, १८० मिनिटं, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. कॅल्क्युलेटर कुठेच नाही. हा वेग अकरावीत येत नाही, तो नववीपासून हातात बसवावा लागतो.

नववीत २० पर्यंत पाढे, ३० पर्यंत वर्ग, १५ पर्यंत घन तोंडपाठ करा. दहावीत वर्गसमीकरण, त्रिकोणमितीची सूत्रं आणि निर्देशक भूमिती या तीन प्रकरणांवर इतरांच्या दुप्पट वेळ द्या, कारण अकरावी-बारावीचं निम्मं गणित यांच्याच खांद्यावर उभं आहे. रोज दहा गणितं, वही बंद करून, घड्याळ लावून. चुकलेलं गणित त्याच दिवशी आणि पुन्हा आठव्या दिवशी सोडवा. गाईडमधलं उत्तर वाचून 'समजलं' म्हणणं हा सगळ्यात महागात पडणारा प्रकार आहे. वाचताना समजतं, पेन हातात घेतल्यावर तिसऱ्या पायरीवर चिन्ह चुकतं. कुठल्या पायरीवर चुकलं ते समासात लिहून ठेवलं तर महिनाभरात आपली चूक कोणत्या जातीची आहे ते दिसतं. बहुतेकांची वजा चिन्ह कंसाबाहेर काढताना होते.

इंग्रजी, दोन्ही बाजूंनी

विज्ञान शाखेत अकरावीपासून सगळं इंग्रजीत. मराठी माध्यमातल्या मुलाला विषय येत असतो, शब्द ओळखीचे नसतात. बालभारतीची इंग्रजी माध्यमाची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. प्रकरणं तीच, आकृत्या त्याच. दहावी विज्ञान भाग एकचं पहिलं प्रकरण गुरुत्वाकर्षण घ्या. आधी मराठीतून पूर्ण करा, मग इंग्रजी पुस्तकात तीच आकृती शोधा आणि तिच्याभोवतीचा परिच्छेद वाचा. मुक्त पतन म्हणजे फ्री फॉल, मुक्तिवेग म्हणजे एस्केप व्हेलॉसिटी, अभिकेंद्री बल म्हणजे सेंट्रिपेटल फोर्स. रोज दहा शब्द, एका वहीत डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी स्पेलिंगसह. दहावी संपेपर्यंत हजारभर शब्द होतात आणि अकरावीचे पहिले दोन महिने वाया जात नाहीत.

इंग्रजी माध्यमातल्या मुलांचं दुखणं उलटं. बोलतात छान, पण लेखी उत्तर लांबतं आणि मराठीत शुद्धलेखनाने गुण जातात. बेस्ट ऑफ फाइव्हमुळे, म्हणजे सर्वाधिक गुणांचे पाच विषयच टक्केवारीत धरतात म्हणून, एका विषयाचे कमी गुण झाकले जातात खरे, पण प्रांत कार्यालयातला अर्ज मराठीतच लिहायचा असतो. आठवड्यातून एक मराठी पत्र हाताने लिहायला लावा.

नाताळ आणि पूर्व परीक्षा

बोर्डाची लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, तोंडी आणि प्रात्यक्षिकं त्याआधी, शाळेची पूर्व परीक्षा जानेवारीत. मिशन शाळेत नोव्हेंबरच्या शेवटापासून नाताळची गाणी, नाटक, सजावट सुरू होते. ते सोडा असं आम्ही म्हणणार नाही, लेकरांना त्यातून बळ मिळतं. पण दहावीच्या मुलाला नाटकात मुख्य पात्र देऊ नका, गाण्यात ठेवा. गाण्याचा सराव संध्याकाळी तासाभरात संपतो, नाटक सगळा दिवस खातं. अभ्यासक्रम आणि एक उजळणी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपवा, आणि महिनाभर रोज पहाटे दीड तास फक्त गणित चालू ठेवा. बाकी विषय थांबले तरी चालतील.

इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा दिली असेल तर ए श्रेणीला ७, बी ला ५, सी ला ३ वाढीव गुण दहावीत मिळतात. प्रस्ताव शाळेनेच बोर्डाला पाठवायचा असतो. चित्रकलेच्या सरांना प्रमाणपत्राची प्रत देऊन आठवण करा.

दहावीनंतर कुठे

विज्ञानात गणित ठेवायचं की जीवशास्त्र, की दोन्ही, हे फॉर्म भरताना ठरवू नका. अभियांत्रिकीला गणित लागतं, वैद्यकीय आणि बीएस्सी नर्सिंगला जीवशास्त्र. आपल्या भागातल्या पुष्कळ मुली नर्सिंगला जातात. त्यांनी लक्षात ठेवावं की बीएस्सी नर्सिंगला बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी हवं आणि सीईटीही द्यावी लागते. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा मात्र कुठल्याही शाखेतून, इंग्रजी घेऊन, बारावीला ४० टक्के असतील तर करता येतं. विज्ञान झेपत नसताना केवळ नर्सिंगसाठी ते घेण्याची गरज नाही. पॉलिटेक्निकही विसरू नका. तीन वर्षांचा डिप्लोमा झाला की अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं.

लातूरला किंवा नांदेडला जायचं असेल तर कॉलेज आणि क्लास वेगळे पाहा. नाव एका कॉलेजात आणि मूल दिवसभर क्लासमध्ये, अशी सोय पुष्कळ ठिकाणी चालते. त्यात प्रयोगशाळा बुडते. बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र प्रत्येकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे आहेत. आणखी एक गोष्ट घरात कुणी सांगत नाही: जिथे विद्यापीठनिहाय जागा असतात तिथे बारावी कोणत्या विद्यापीठाच्या हद्दीत झाली ते पाहतात. संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाकडे. जालन्याचं मूल लातूरला बारावी झालं की त्याचं गृह विद्यापीठ बदलतं.

अकरावीचा प्रवेश २०२५-२६ पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला आहे. जास्तीत जास्त दहा कॉलेजं पसंतीक्रमाने भरता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्या बंद होतात. म्हणून 'बघू मिळतंय का' म्हणून लांबच्या शहरातलं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकू नका. तिथे राहायची सोय झाली असेल तरच टाका. गावाहून ये-जा करणार असाल तर एसटीच्या वेळा आधी पाहा. मुलींना बारावीपर्यंत पास मोफत आहे, पण सकाळी साडेसातच्या प्रात्यक्षिकाला पोहोचवणारी गाडी नसेल तर पासचा उपयोग नाही.

प्रवेशाच्या दिवशी टीसी, गुणपत्रिका, आधार, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, बाप्तिस्म्याचा दाखला किंवा पाळकांचं पत्र लागत असेल तर तेही, असं सगळं एका फाईलमध्ये आणि प्रत्येकाच्या चार झेरॉक्स. मूळ टीसी एकदा कॉलेजात जमा झाली की ती परत मिळत नाही, बारावीनंतर मिळते ती कॉलेजची वेगळी टीसी. जमा करण्याआधी मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याच्या तीन साक्षांकित प्रती काढून घ्या आणि मोबाईलवर स्कॅन करून वडिलांच्या, आईच्या आणि स्वतःच्या अशा तिघांच्या फोनमध्ये ठेवा.